जुने ऑइल फिल्टर : खोक्यावरचे साल पाहावे की ठेवण्याची जागा?

उदगीर_वाट

मंडळी, नमस्कार. आमच्या घरी डिझेलची टवेरा आहे आणि ती अजून उत्तम चालते. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली शेवरोले गाड्यांची विक्री थांबवली, तेव्हापासून आम्हा टवेरावाल्यांना सुट्या भागांची धास्ती लागून राहिली आहे. फिल्टर आजही मिळतात, इतर कंपन्यांचेही मिळतात. तरी पुढच्या सर्व्हिसिंगला मिळतील की नाही, ही शंका काही मनातून जात नाही. अशातच आमच्या भागातल्या एका जुन्या स्पेअर पार्टवाल्याने दुकान आवरायला काढले आणि त्याच्याकडे पडून असलेले डझनभर ऑइल फिल्टर मी निम्म्याहून कमी भावात उचलले. बहुतेक खोकी बंद आहेत. काहींवर २०१५ चा, काहींवर २०१६ चा महिना छापलेला आहे, आणि एक-दोन खोक्यांवरची शाई इतकी उडाली आहे की किंमतसुद्धा वाचता येत नाही.

कोणत्याही खोक्यावर 'अमुक तारखेपूर्वी वापरावे' असे लिहिलेले नाही. आमचे मिस्त्री म्हणतात की लोखंडाच्या डब्याला काय होते, खुशाल लावा. धाकटा भाऊ म्हणतो की इतके जुने रबर इंजिनवर लावणे म्हणजे विकतचे दुखणे. माल तर घेऊन झाला आहे. आता तो वापरण्याजोगा आहे हे कसे ओळखावे, आणि जो ठेवायचा तो कोठे व कसा ठेवावा, हे जाणकारांनी सांगावे. सध्या सगळी खोकी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत फळीवर आहेत.

परभणी_गॅरेज

उदगीरवाले दादा, सर्वांत आधी ती खोकी पत्र्याखालून काढून घरात आणा, बाकीची चर्चा नंतर करू. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतला पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो, आणि पत्र्याच्या लगत असलेल्या फळीवर त्याहून किती तरी जास्त तापते. माझ्या गॅरेजमध्येही पत्राच आहे, म्हणून फिल्टर आणि ओ-रिंगचा माल मी खालच्या कप्प्यात, भिंतीच्या बाजूला ठेवतो. वरच्या फळीवर पाने आणि जॅक.

मिस्त्रींचे म्हणणे अर्धे खरे आहे. डब्याला आणि आतल्या चाळणीदार नळीला कोरड्या जागी काही होत नाही. पण ऑइल फिल्टर म्हणजे केवळ डबा नव्हे. तोंडावर रबराची रिंग असते, आत तेल मागे फिरू न देणारा रबराचाच एक पातळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, घड्या घातलेला कागद असतो, त्या कागदाची टोके चिकटवणारा डिंक असतो आणि दाब वाढला की उघडणारा बायपास व्हॉल्व्ह असतो. यांतले रबर सर्वांत आधी जाते. माझ्याकडे जुना फिल्टर आला तर मी प्रथम रिंगवर अंगठ्याचे नख दाबतो. नखाची खूण क्षणात भरून आली तर रबर जिवंत आहे. खूण तशीच राहिली, किंवा रिंग थोडी वाकवल्यावर बाहेरच्या कडेला केसासारख्या भेगा दिसल्या, तर तो फिल्टर मी गिऱ्हाइकाच्या गाडीला लावत नाही, मग त्यावरचे साल कोणतेही असो.

वाळूज_रबर

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत रबरी भागांच्या तपासणीचे काम करतो, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेक ऑइल फिल्टरांची रिंग नायट्राइल रबराची असते, कारण हे रबर तेलात फारसे फुगत नाही आणि स्वस्तही पडते. आतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नायट्राइलचा किंवा सिलिकॉनचा असतो. नायट्राइल बहुधा काळे दिसते आणि सिलिकॉन बऱ्याचदा केशरी किंवा लालसर, पण रंग हा पुरावा नव्हे, कारण रंग कोणत्याही रबरात मिसळता येतो. रबराचे वय होते म्हणजे नेमके काय होते, तर हवेतला ऑक्सिजन त्याच्या साखळ्यांशी हळूहळू संयोग पावतो, साखळ्या एकमेकींना अधिकाधिक बांधल्या जातात आणि रबर कडक होते. ओझोन हा ऑक्सिजनपेक्षाही वाईट. तो ताणलेल्या किंवा वाकलेल्या जागी भेगा पाडतो. ऊन लागले की दोन्ही गोष्टींना वेग येतो.

रबरी भागांच्या साठवणीसाठी आयएसओ २२३० हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक आहे. त्यात रबरांचे तीन गट केलेले आहेत. नैसर्गिक रबर पहिल्या गटात येते आणि त्याला पाच वर्षे दिलेली आहेत. नायट्राइल दुसऱ्या गटात येते; त्याला सात वर्षे, आणि त्यानंतर तपासणीत योग्य ठरल्यास आणखी तीन वर्षे. सिलिकॉन व फ्लुओरो रबर तिसऱ्या गटात. त्यांना दहा वर्षे आणि तपासणीनंतर आणखी पाच. मात्र हे आकडे जसेच्या तसे उचलून कोणी 'फिल्टर सात वर्षे टिकतो' असे सांगू लागला तर त्याला थांबवावे. ते सुट्या, ताण नसलेल्या आणि नीट बांधून ठेवलेल्या रबरी भागांसाठी आहेत, आणि त्यामागची अट अशी की साठवणीचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या खाली असावे, आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत असावी, आणि ऊन व ओझोन दोन्ही लागू नयेत.

आता ही अट आपल्या भागाला लावून पाहा. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांवर सात वर्षे टिकणारे रबर ३५ अंशांवर सुमारे साडेतीन वर्षांत तितकेच म्हातारे होईल, आणि ४५ अंशांवर दोन वर्षांच्याही आत. पत्रा बारा महिने तेरा त्रिकाळ तापलेला नसतो हे खरे, रात्र आणि हिवाळा यांचा दिलासा मिळतोच. तरी जाड भिंतींच्या खोलीत ठेवलेला २०१५ चा फिल्टर हा पत्र्याखाली ठेवलेल्या २०२० च्या फिल्टरपेक्षा अधिक तरुण असू शकतो, हे यावरून ध्यानात यावे. त्यामुळे आपल्या प्रश्नाला साल पाहून उत्तर देता येणार नाही. दुकानदाराने ती खोकी कोठे ठेवली होती, हे त्याला आधी विचारा.

गोदाकाठ_नांदेड

वरचे विवेचन वाचले, पण मला ते पटलेले नाही. गाडीत लावल्यावर हाच फिल्टर शंभर अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात, तीन-चार बार दाबाखाली, दहा हजार किलोमीटर निमूटपणे काम करतो. कंपनीने ते रबर अशा भट्टीसाठीच निवडलेले असते. मग ते फळीवरच्या पंचेचाळीस अंशांना कसे हार जाईल? दहा अंशांना दुप्पट हा हिशेब खरा मानला, तर शंभर अंशांवर ते रबर महिनाभरही टिकता कामा नये. मला तर असे वाटते की रबराची भीती दाखवून नवा माल खपवण्याची ही रीत आहे. माझ्या ओळखीच्या अनेक ट्रॅक्टरवाल्यांनी वर्षानुवर्षे ठेवलेले फिल्टर लावले आहेत आणि कोणाचेही इंजिन बसलेले ऐकिवात नाही.

वाळूज_रबर

गोदाकाठ साहेब, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे.

फिल्टर इंजिनवर बसला की रिंग दोन धातूंच्या मध्ये दाबली जाते आणि तेलाने माखते. तिच्या फार थोड्या भागाला हवा लागते, आणि आतला व्हॉल्व्ह तर पूर्ण तेलातच बुडालेला असतो. ऑक्सिजन नाही म्हटल्यावर त्याच्यामुळे होणारी झीज बरीच मंदावते. शिवाय गाडी चोवीस तास चालत नाही. दहा हजार किलोमीटर म्हणजे ताशी चाळीसच्या सरासरीने इंजिनाचे अडीचशे तास होतात. अडीचशे तास म्हणजे जेमतेम अकरा दिवस. तेव्हा आपण म्हणता तो हिशेब मोडत नाही, उलट जुळतो. फळीवरचा फिल्टर मात्र वर्षाचे ८,७६० तास हवेतच असतो.

दुसरे असे की कडक झालेल्या रबरामुळे इंजिन लगेच बसते, असे माझे म्हणणे नाही. रिंग बरी असेल आणि केवळ आतला व्हॉल्व्ह ताठला असेल, तर बाहेर थेंबही गळणार नाही. होईल इतकेच की गाडी रात्रभर उभी राहिली की फिल्टरातले आणि वरच्या वाहिन्यांतले तेल खाली चेंबरमध्ये उतरेल, आणि सकाळी चालू करताना तेलाचा दाब तयार व्हायला क्षणभर अधिक लागेल. ती खडखड रोज थोडी थोडी झीज करते आणि तिचा दोष कोणी फिल्टरला देत नाही. आपल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ऐकिवात ते येणारही नाही. फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर या व्हॉल्व्हचे महत्त्व कमी. आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल तर फार.

गोदाकाठ_नांदेड

तासांचा हिशेब मान्य. तरीही सात वर्षे उलटली की फेकून द्यावे, हे मला मान्य नाही.

वाळूज_रबर

ते मीही म्हटलेले नाही. सात वर्षांनंतर तपासून ठरवावे, असेच मानकाचेही म्हणणे आहे.

खडकपुरा_जालना

छापील तारखेबद्दल एक मुद्दा मांडतो. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार बंद खोक्यावर महिना व साल छापणे बंधनकारक आहे, म्हणूनच आपल्याकडे फिल्टरच्या खोक्यावर ते दिसते. मात्र कित्येक वर्षे उत्पादनाऐवजी पॅकिंगचा किंवा आयातीचा महिना छापण्याचीही मुभा होती, आणि २०१५-१६ चा माल त्याच काळातला आहे. म्हणजे डबा आधी तयार होऊन काही काळ गोदामात पडला असेल आणि खोक्यात नंतर गेला असेल, तर छापील महिना त्याच्या खऱ्या वयापेक्षा कमी वय दाखवेल. काही उत्पादक डब्यावरच, बहुधा कडेला किंवा तळाला, बॅचचा क्रमांक उठवतात. त्यात साल दडलेले असते, परंतु प्रत्येकाची पद्धत निराळी असल्याने तर्क लढवण्यापेक्षा उत्पादकाच्या ग्राहक क्रमांकावर विचारलेले बरे.

ज्या खोक्यांची शाई उडाली आहे त्यांच्याकडे मात्र संशयानेच पाहावे. शाई ऊन आणि दमटपणा यांनी उडते, आणि रबराचे शत्रूही तेच. त्याशिवाय एका स्टिकरवर दुसरा स्टिकर चिकटवलेला दिसला, खोक्याचे पुठ्ठे सैल वाटले किंवा अक्षरांचे वळण इतर खोक्यांहून वेगळे दिसले, तर तो माल जुना आहे की नकली, हा आणखी एक प्रश्न उभा राहतो. नकली फिल्टरमध्ये कागद कमी भरलेला असतो, आणि ते खोक्यावरून कळत नाही.

बालाघाट_गुरुजी

मी अंबाजोगाईचा, निवृत्त शिक्षक. माझ्याकडे मारुती ८०० आहे आणि तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे तिच्यासाठी थोडे सामान मी बाळगून असतो. आमचे वडिलार्जित घर माळवदाचे आहे. मातीच्या जाड भिंती आणि वर धाब्याचे छत असल्याने मधल्या खोलीत ऐन वैशाखातही पंखा नसला तरी बसवते. फिल्टर, पट्टे, होज असे सगळे रबरी सामान त्या खोलीतल्या लोखंडी कपाटात खालच्या खणात असते. बळद त्याहून थंड असते, पण तेथे धान्य, उंदीर आणि धान्यात टाकायच्या औषधी गोळ्या यांचा वावर असतो, म्हणून तेथे ठेवू नये.

येथे रबराची चर्चा पुष्कळ झाली, पण एक गोष्ट कोणी बोलले नाही. फिल्टर तोंड उघडे ठेवून पडला असेल तर त्यात काय शिरते, हे पाहायला हवे. आमच्या शेजाऱ्यांनी खोके फाटलेला फिल्टर खिडकीच्या कोनाड्यात तसाच ठेवला होता. लावायला काढला तेव्हा मधल्या आट्यांच्या भोकात कुंभारीण माशीने चिखलाचे घर केलेले होते. तोंड बंद केलेली, बोटाच्या पेराएवढी मातीची कुपी, आट्यांना घट्ट चिकटलेली. त्यांनी ती खिळ्याने कोरून काढली आणि फिल्टर आपटून, फुंकून लावायला निघाले. मी त्यांना हात धरून थांबवले. तेल कडेच्या लहान भोकांतून आत जाते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या मोठ्या भोकातून इंजिनात परतते. म्हणजे मधल्या भोकात पडलेला मातीचा कण गाळला जाणारच नाही. तो थेट बेअरिंगपाशी जाईल. कडेच्या भोकांत गेलेली धूळ कागद अडवतो, मधल्या भोकातली कोणीही अडवत नाही.

परभणी_गॅरेज

गुरुजींनी लाखमोलाचे सांगितले. याच कारणाने मी फिल्टरमध्ये आधी तेल भरायचे झाले तर कडेच्या भोकांतून हळूहळू भरतो, मधल्या भोकात नरसाळे लावत नाही. उघड्या डब्यातले तेल, नरसाळ्यावरची धूळ, सगळे न गाळता आत जाते. अनेक गॅरेजमध्ये घाईघाईने मधूनच ओततात, त्याला इलाज नाही.

गंजाचेही तसेच आहे. डब्याच्या बाहेर, रंग उडालेल्या जागी गंज असेल तर तो दिसायला वाईट, पण फारसा अपायकारक नाही. मधल्या भोकातून विजेरीने आत पाहा. मधली नळी तांबूस दिसली, किंवा पांढऱ्या कापडाची घट्ट सुरळी आत फिरवून बाहेर काढल्यावर तिला तपकिरी पूड लागली, तर तो फिल्टर बाद समजा. गंजाचे ते कण गाळलेल्या तेलाच्या बाजूला आहेत.

औंढा_रस्ता

मी हिंगोली जिल्ह्यातली आहे आणि माझी स्विफ्ट डिझेलवर चालते. मारुतीने २०२० च्या एप्रिलपासून डिझेल इंजिने बंद केली, म्हणून मीही दोन-तीन फिल्टर घेऊन ठेवण्याच्या विचारात आहे. परंतु या गाडीत डबा नसून इंजिनवरच्या कायमच्या हाउसिंगमध्ये बसवायचा नुसता कागदी एलिमेंट येतो आणि सोबत पिशवीत ओ-रिंग असते. त्याला हेच नियम लागू होतात का? आणि पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या कापडालासुद्धा वास येतो, तेव्हा कागदाचे काय करावे? वाळूजचे दादा किंवा गुरुजी यांनी सांगावे.

वाळूज_रबर

ताई, एलिमेंटच्या बाबतीत रबराची काळजी कमी आणि कागदाची अधिक. ओ-रिंग बाजारात सुटी मिळते, मापाची व तेलाला चालणारी पाहून नवी घेता येते. तशी डब्याच्या फिल्टरची रिंग आणि व्हॉल्व्ह बदलत बसणे शहाणपणाचे नाही. एलिमेंट मात्र उघडा असतो, त्यामुळे दमट हवा त्याला थेट लागते.

फिल्टरचा कागद साधा नसतो. त्यावर फिनॉलिक रेझिन चढवून तो भाजलेला असतो, म्हणून तो पाण्याने लगेच लोळत नाही. तरीही मुळात तो सेल्युलोजच. ओल धरली की घड्या फुगतात, एकमेकींना चिकटतात, आणि जास्त दिवस राहिली तर बुरशी येते. काही एलिमेंटमध्ये काचेच्या किंवा कृत्रिम धाग्यांचे माध्यम असते. त्याला ओलीचा त्रास कमी, पण टोकांच्या डिंकाला होतोच. आणखी एक, एलिमेंटवर काहीही रचून ठेवू नये. घडी एकदा दबली की ती तशीच राहते आणि तेवढा भाग गाळण्याच्या कामातून जातो.

ओलीसाठी आपल्या भागात एक सोपी सोय आहे, ती म्हणजे योग्य वेळी बांधणे. माघ-फाल्गुनात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, मराठवाड्याची हवा अतिशय कोरडी असते आणि उकाडाही शिगेला पोहोचलेला नसतो. त्या दिवसांत दुपारी खोके जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, तोंड बंद करावे. मृग लागल्यावर तीच पिशवी बंद केली तर दमट हवा आपणच आत कोंडतो, आणि रात्री गारवा आला की ती धातूवर पाणी होऊन बसते. आत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकल्यास उत्तम. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी ओल पिऊन बसली असे समजावे. बांधण्यापूर्वी रिंगला तेल किंवा ग्रीस लावण्याची काही जणांना सवय असते, ते साठवणीत करू नये, कारण त्यावर धूळ बसते. तेल लावायचे ते फिल्टर बसवताना.

आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवू नका. आम्लाची वाफ धातूला लागते. वेल्डिंग मशीन आणि ठिणग्या उडवणारी मोटार यांच्यापासूनही दूर ठेवावे, त्यांतून ओझोन निघतो. पेट्रोल-थिनरचे डबेही त्या खणात नकोत.

गोदाकाठ_नांदेड

माघात पिशवी बांधण्याची युक्ती आवडली. हरभरा साठवतानाही आमच्याकडे हेच पाहतात. मात्र एक विचारतो : डिपफ्रीजरमध्ये किंवा फ्रिजमध्ये ठेवले तर? थंडी हवी असेल तर ती तेथेच आहे.

वाळूज_रबर

नको. बाहेर काढताच दव धरेल. अतिथंडीत रबर ताठते; ते तात्पुरते असले तरी त्या अवस्थेत वाकले तर तडकू शकते. घरातली आतली खोली पुरेशी आहे.

उदगीर_वाट

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे दुकानदाराकडे चौकशी केली. माल पहिल्यापासून दुकानाच्या मागच्या दगडी खोलीत होता, पण शाई उडालेली खोकी अनेक वर्षे समोरच्या काचेच्या कपाटात मांडलेली होती आणि तेथे दुपारचे ऊन येत असे, असे त्याने स्वतःच सांगितले.

काल सगळी खोकी ओसरीवर आणून एकेक पाहिले. दगडी खोलीतल्या फिल्टरांच्या तोंडावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घट्ट आहे, तो मी फोडलेला नाही. एकाचाच फोडला, तेव्हा रिंग काळी, तुकतुकीत निघाली आणि नखाची खूण लगेच भरली. काचेच्या कपाटातल्यांचा पापुद्रा पिवळा पडून कुरकुरीत झालेला होता. रिंगवर राखाडी साय आली होती आणि वाकवताच तिच्या बाहेरच्या कडेवर बारीक रेघा उमटल्या. यांतला एक मिस्त्रींकडे नेऊन कडेची शिवण घासून उघडला. आतला काळा व्हॉल्व्ह बाहेर काढला तर तो वाळलेल्या चिंचेच्या सालीसारखा ताठ होता. त्याची ओठाची कडा चकतीवर टेकतच नव्हती, एका बाजूने सहज नख जाईल एवढी फट होती. कागद मात्र स्वच्छ होता, घड्या सारख्या होत्या, डिंकही सुटलेला नव्हता. मिस्त्री बराच वेळ तो व्हॉल्व्ह हातात फिरवत बसले होते.

आता विचारायचे ते एवढेच की चांगल्या निघालेल्या फिल्टरांना किती वर्षे धरावीत? त्यांनाही दहाएक वर्षे होत आली आहेत.

खडकपुरा_जालना

माझ्या मते सात अधिक तीन हा हिशेब घेतला तरी तुमचा माल शेवटच्या टप्प्यावर आहे. आता तो जपून ठेवण्याचा नव्हे, वापरून संपवण्याचा माल आहे. शक्य असल्यास गावातल्या इतर टवेरावाल्यांना, वय स्पष्ट सांगून, खरेदीच्या भावात द्यावा. यापुढे घेताना एका वेळी दोन-तीन वर्षांच्या गरजेपुरताच घ्यावा आणि जुना आधी काढावा. टवेराचे फिल्टर बनवणारे अजून आहेत, तेव्हा साठा करून ठेवण्याजोगी टंचाईही दिसत नाही.

बालाघाट_गुरुजी

सहमत. प्रत्येक खोक्यावर घेतल्याचा महिना आणि गाडीचे नाव जाड पेनाने लिहून ठेवा. माझ्या कपाटात एकदा ८०० चे आणि शेजाऱ्यांच्या ओम्नीचे सामान मिसळले होते, तेव्हापासून ही शिस्त.

परभणी_गॅरेज

वापरताना घ्यायची काळजी सांगतो. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रिंग इंजिनच्या तोंडावर चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. जुने रबर कडक झाले की ते हमखास मागे राहते, आणि त्यावर दुसरी रिंग बसली की गाडी चालू केल्यावर दाबाने सगळे तेल बाहेर येते. नव्या रिंगला ताज्या इंजिन ऑइलचे बोट फिरवा. फिल्टर हातानेच फिरवत न्या. रिंग टेकली की तेथून साधारण पाऊण फेरा, किंवा डब्यावर जे छापले असेल ते. बेल्ट पाना काढण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नव्हे. जुने रबर गळेल या भीतीने लोक जास्त आवळतात आणि म्हणूनच ते गळते.

गाडी चालू करून तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत ॲक्सिलेटरला पाय लावू नका. चार-पाच मिनिटे जागेवर चालू द्या आणि फिल्टरच्या कडेला कोरडा कागद फिरवून पाहा. मग बंद करून, तेल खाली बसल्यावर डिपस्टिक पाहा. साठवलेला फिल्टर असेल तर मी गिऱ्हाइकाला शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बोलावून खालून नजर टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या स्टार्टला कान द्यावा. दिवा विझायला नेहमीपेक्षा वेळ लागत असेल किंवा वरून टिकटिक ऐकू येत असेल, तर आतला व्हॉल्व्ह धरत नाही असे समजून तो फिल्टर काढून टाका.

आणखी एक. एकदा इंजिनवर चढलेल्या फिल्टरला खोक्यातली वर्षे लागू होत नाहीत. गाडी उभीच असली तरी तेलात ओल आणि आम्ल साचत जाते, म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला तेल आणि फिल्टर बदलावेच. काढलेला फिल्टर पालथा करून चोवीस तास निथळू द्या, आणि ते तेल काळ्या मातीत किंवा नालीत न ओतता डब्यात भरून जळके तेल घेणाऱ्याकडे द्या. उघडून पाहिलेला तो एक फिल्टर मात्र भंगारात टाकू नका, दादा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवायला तो व्हॉल्व्ह मला हवा आहे. परभणीकडे कोणी येणार असेल तर पाठवून द्या.